मुक्कामी गाडीचा चेकर

जेलरोड, नाशिकरोड
मंगळवार, ६ जानेवारी २०२६

झिपरू, जय भीम.

अक्षर ओळखलंच असशील. याच अक्षराला तू 'कोंबडी चिखलातून चालत गेली' म्हणायचास. फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच.

फोन केला होता, तू उचलत नाहीस. पाड्यावर रेंज नसेल अशी मनाची समजूत घातली. मग संतोषच्या फोनवरून लावला, तर तो उचललास, माझं 'हॅलो' ऐकलंस आणि ठेवून दिलास. म्हणजे रेंज आहे. म्हणून आता हे पत्र आपल्याच करंजपाडा मुक्कामी गाडीच्या कंडक्टरकडे देतोय. ललित नाव त्याचं. मी त्याला सांगितलं, शेवटच्या स्टॉपवर गाडी लागली की समोरच्या ओट्यावर एक म्हातारा टायरकडे बघत बसलेला असेल, त्याच्या हातात दे. तो म्हणाला, "माहितीये ना काका. हवा कमी असली की आमच्या ड्रायव्हरला झापतात ते." रिटायर झालास तरी तुझी खोड गेली नाही तर.

आता मुद्द्याचं. एक फेब्रुवारीला, रविवारी, मी पुण्याला चाललोय. संतोषकडे, कायमचा. इथलं घर भाड्याने द्यायचं ठरलंय. गुडघे कुरकुर करतात आणि पोराचा जीव माझ्यात अडकतो, एवढंच कारण. चेकरला तिथे नेता येत नाही. सूनबाईला दमा आहे, केसांनी वाढतो. बहाणा नाही हा, तिला धाप लागताना मी स्वतः पाहिलंय. संतोषने सहज म्हणून टाकलं, "बाबा, कॉलनीतच सोडून द्या ना, सगळे खायला घालतात त्याला." त्याच्यावर मी असा ओरडलो की शेजारच्या गोजराबाई भिंतीपलीकडून विचारायला लागल्या, काय झालं. बारा वर्षांच्या कुत्र्याला रस्त्यावर कसं सोडायचं?

तेव्हा मी त्याच्यासाठी घर शोधतोय. तू ठेव असं म्हणत नाही. तू ठेवणार नाहीस आणि मी तुला गळ घालणार नाही. पण निम्मा कुत्रा तुझा आहे, म्हणून कळवणं माझं काम.

एक माहिती मात्र हवीय. पायल नावाची एक मुलगी आहे, बेवारशी जनावरांचं काम करते. ती त्याचा फोटो लोकांना पाठवणार आहे. वय विचारतेय. त्याच्या मानेत रुतलेली दोरी तू पान्ह्याच्या पेटीतल्या कात्रीने कापलीस, तो उन्हाळा कोणता? कोटंबीच्या घाटात आपली गाडी बंद पडली होती तोच ना? मी बारा सांगितलंय. कमीजास्त असेल तर ललितजवळ सांग.

तोंड सगळं पांढरं झालंय त्याचं. डाव्या कानाने ऐकू येत नाही. बाकी एक कान उभा, एक पडका, ते तसंच आहे. त्याची आई तुमच्या पाड्यावरची आणि बाप कुठल्या तरी फार्महाऊसवरचा अल्सेशियन, असं तू पैजेवर सांगायचास. पायलने फोटो बघितल्याबरोबर तेच सांगितलं. पैज जिंकलास.

कुसावहिनींना नमस्कार.

भिका गांगुर्डे


जेलरोड
सोमवार, १२ जानेवारी

झिपरू,

ललितला विचारलं. म्हणाला, "घेतलं त्यांनी. खिशात टाकलं. मग कोंबड्या हाकलायला गेले." पत्र तुझ्या हातात पडलं एवढं तरी कळलं. वयाचं काही सांगितलं नाहीस, तेव्हा बारा कायम.

पायल येऊन फोटो काढून गेली. आधी तिने मला अंगणातली झाडं आवरायला लावली, मग चेकरचं तोंड ओल्या फडक्याने पुसलं. खाली लिहिलं, 'शांत, समजूतदार, प्रौढ.' मी म्हटलं, बाई, हा समजूतदार नाही. हा ड्युटीवरचा आहे. नाव चेकर का, असं तिने विचारलं. तेव्हा सांगितलं की हा मुक्कामाला गाडीत चढायचा आणि पुढून मागपर्यंत एकेक सीट हुंगत जायचा. आपल्या डेपोतल्या खऱ्या चेकरपेक्षा याच्यासमोर लोक जास्त सरळ बसायचे. ती खूप हसली. या घरात कोणी हसून बरेच दिवस झाले होते.

मग फोन यायला लागले. सगळे आधी विचारतात, कोणती जात? मिक्स म्हटलं की आवाज उतरतो. बारा वर्षं म्हटलं की फोनच उतरतो. गंगापूर रोडचं एक जोडपं आलं, चांगली मंडळी होती, चहा घेतला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. जाताना त्यातली बाई पायलला हळूच म्हणाली, "आम्हाला जास्त दिवस मिळतील असं हवं होतं." चूक नाही तिची. कोणाला नको असतं?

शनिवारी मात्र घर मिळालं. मोहाडीकडचा नवनाथ म्हणून एक द्राक्षवाला आहे. बागेत घड भरत आलेत, चोरीची भीती असते, राखणीला काहीतरी हवं होतं. मी म्हटलं, हा राखण काय करणार, पण मोठा दिसतो आणि आवाज अजून जाड आहे. तो म्हणाला, "आवाजच पायजे काका. चोराला वय थोडंच कळतंय." मला माणूस आवडला. गाडीत मागे गोणपाट टाकून त्याने चेकरला नेलं. चेकरने मागे वळून बघितलं नाही. त्याला वाटलं असेल, नवी लाईन लागली.

घरात आता चालताना अडखळायला होत नाही. दारातून आत येताना मी पाय उंच टाकतो, तो उंबऱ्यावर पडलेला असायचा ना, म्हणून. पाय उंच टाकतो आणि खाली काही नसतं.

एक गोष्ट नवनाथला सांगायची राहिली. बेलची. तुला माहीत आहे, त्याला सांगावं लागणार. मुक्कामाला हा रात्रभर गाडीखाली झोपायचा आणि पहाटे मी दोरी दोनदा ओढली की बाहेर यायचा. आरशात तो दिसल्याशिवाय तू गियर टाकायचा नाहीस. एक बेल गाडी थांबते, दोन बेल गाडी सुटते, एवढंच तो शिकला. इथे आणल्यावरही तेच चालू राहिलं. ताटावर चमचा दोनदा वाजवला की उठायचं, जेवायचं, फिरायला जायचं. नावाने हाक मारली तर शेपटी हलवतो पण जागचा हलत नाही. तर हे सांगायला विसरलो. फोन करून सांगेन.

भिका


जेलरोड
मंगळवार, २० जानेवारी

झिपरू,

चेकर परत आला.

नवनाथने स्वतः आणून सोडला, मन मोठं आहे त्याचं. गाडीतून उचलून अंगणात ठेवला आणि म्हणाला, "काका, हे कुत्रं लय आजारी हाय. आल्यापासून उठलंच नाय. तोंडाशी पाणी धरलं तर पेतं, नाय तर पडून राहतं. माझी म्हातारी म्हणली, बागेत मेलं तर पाप लागंल." चेकर खरंच कडेला पडून होता, डोळे मिटून. मी आत गेलो, ताट घेतलं आणि चमचा दोनदा वाजवला. पुढचे पाय ताणत तो उठला, तीन वेळा शिंकला आणि भाकरीकडे गेला. नवनाथ बघतच राहिला. मग माझ्याकडे बघितलं. बिचाऱ्याला कळलं.

तुलाही कळलं असेलच. मी विसरलो नव्हतो. फोन करेन म्हटलं तोही केला नाही. रोज सकाळी फोन हातात घ्यायचो आणि म्हणायचो, दुपारी करू. मला तो परत हवा होता. यात त्याची उपासमार झाली. ही लबाडी मी पायलला सांगितली नाही, संतोषला तर नाहीच. तुला सांगतोय, कारण तू तसाही माझ्याशी बोलत नाहीस.

आणखी एक, गुडघ्याचं खरं नाही. म्हणजे दुखतात, पण कारण ते नाही. दिवाळीनंतर मी न्हाणीत पडलो. कंबर अशी धरली की उठता येईना. सकाळची वेळ, सगळे कामावर, गोजराबाई विहारात गेलेल्या. ओरडून घसा बसला. चेकर पुढच्या दारात झोपलेला आणि त्याचा चांगला कान खाली दबलेला असणार. शेवटी हाताला प्लास्टिकचा मग लागला. तो बादलीवर दोनदा हाणला. पुन्हा दोनदा. मग नखांचा आवाज आला. तो न्हाणीच्या दारात आला, मला बघितलं आणि मागच्या मागे फिरून अंगणात गेला. तिथे असा भुंकत सुटला की गल्लीच्या टोकावरची माणसं आली. म्हणून संतोष मला नेतोय. आणि म्हणून चेकरचं घर सुटतंय. याचा हिशेब मला लागत नाही. तू लावून बघ.

आता एसटीच्या संपाचं. मला ते उकरायचं नव्हतं, पण आपल्या मधे तेच बसलंय, दुसरं काही नाही. तुम्ही सगळे डेपोबाहेर मंडपात होतात आणि मी कामावर हजर झालो. माझ्या मंगलाचं डायलिसिस चालू होतं. हे तुला माहीत होतं, तूच तिला डॉक्टरकडे न्यायला रिक्षा धरून द्यायचास. मी माफी मागत नाही. तेव्हाही चुकलो असं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. तुला सस्पेंड केलं, त्याचं वाईट वाटलं. पण मी घरी बसून राहिलो असतो तरी तुझा सस्पेन्शनचा कागद कोणी फाडला नसता.

तू ज्यावर रागावलास ते हे नव्हेच, हे मला ठाऊक आहे. मला लागलेली ड्युटी आपलीच होती, करंजपाडा मुक्काम, आणि तुझ्या सीटवर दुसरा ड्रायव्हर. पुढेमागे पोलिसांची गाडी होती. तुझ्या दारात आम्ही गाडी लावली. इतकी वर्षं मी तुझ्या ओट्यावर झोपलो, कुसावहिनींच्या हातची नागलीची भाकरी खाल्ली, त्या रात्री मी गाडीतच बसून राहिलो. संपभर चेकर तुझ्या अंगणात होता. गाडीचा आवाज आल्याबरोबर तो येऊन खाली झोपला. पहाटे मी बेल दिली. तो बाहेर आला, आणि रोज पाड्याच्या वळणापर्यंत पळत येऊन थांबणारा कुत्रा त्या दिवशी दारातून आत चढला. माझ्या सीटखाली बसला. तू ओट्यावर उभा होतास. मी त्याला बोलावलं नव्हतं, झिपरू. फक्त बेल दिली होती. गाडी थांबवून त्याला खाली उतरवता आलं असतं, हेही खरं. पण त्या गाडीत माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.

मंगला गेली तेव्हा तू आला नाहीस. कुसावहिनी एकट्या आल्या, मागे बायकांत बसल्या, पुण्यानुमोदन होईपर्यंत थांबल्या आणि जाताना चेकरच्या गळ्याला हात लावून गेल्या. मी त्यांना विचारलं, झिपरू? त्या म्हणाल्या, "त्याचं काय इचारता मास्तर. घरात नुसता धूर धरून बसलाय."

मला एकटं वाटतं रे. माणसं नाहीत असं नाही. गोजराबाई भाजी देतात, विहारात चार जण बोलतात, संतोष रोज फोन करतो. पण सगळे मला 'जेवलात का' विचारतात. वाद घालणारं कोणी नाही.

पायल म्हणते अजून प्रयत्न करू. नाहीच जमलं तर तिच्या ओळखीच्या शेडमध्ये ठेवता येईल, तिथे शंभरेक कुत्री आहेत. ती मुलगी मनापासून करते, पण शंभर कुत्र्यांच्या गलबल्यात याला बेल कोण देणार?

भिका


जेलरोड
मंगळवार, २७ जानेवारी

झिपरू,

काल झेंडावंदनाहून परत येतोय तर दारात ललित. सकाळी गाडी लावून मुद्दाम आला. हातात फडक्यात बांधलेल्या दोन नागलीच्या भाकरी. मला वाटलं माझ्यासाठी. तो जरा ओशाळून म्हणाला, "काका, त्या कुत्र्याला आहेत. काकूंनी दिल्यात. काकू म्हणाल्या, ह्या खातो का बघा, म्हणजे दात कळतील." आणि मग म्हणाला, "झिपरूबाबांनी निरोप दिलाय. म्हणाले, कुत्रं पाठव."

एवढंच का, विचारलं. एवढंच म्हणाला. मी विचारलं, मी सोडायला येऊ का, हे विचारलंस? तो म्हणाला, "विचारलं की. ऐकून घेतलं. आत गेले."

बरं.

चेकरने भाकरी खाल्ली. एक पूर्ण, आणि दुसरी दुधात भिजवून. अर्धी मी खाल्ली, तुझ्या बायकोला सांगू नकोस.

तुझ्याकडे जाणार म्हटल्यावर मला इतका आनंद झाला की अंगणात उभा राहून मी चेकरला मोठ्याने सांगितलं. पायललाही फोन केला, तीही ओरडली आनंदाने. मग आत आलो आणि खाटेवर बसलो तो संध्याकाळ होईपर्यंत उठलो नाही. दोन्ही खरं आहे.

मी येणार नाही. तू न बोलावता तुझ्या ओट्यावर चढायचं नाही, हे मी त्या रात्री गाडीत बसून ठरवलं होतं आणि ते मी मोडत नाही. गुरुवारच्या गाडीने त्याला पाठवतो.

त्याचं सगळं तुला नव्याने सांगायला नको, तरी सांगतो. भाकरी भिजवून द्यायची. कोंबड्यांच्या मागे आता लागणार नाही, त्यांनाच तो घाबरेल. थंडीत मागचे पाय आखडतात, तिळाचं तेल कोमट करून चोळायचं. कोणी रागाने बोललं की तो उठून दुसरीकडे जातो, त्यामुळे घरात भांडायचं नाही. भांडायची सवय माझ्याबरोबर संपली असेल तर प्रश्न नाही. आणि त्याच्याशी बोलत जा. त्याला सवय आहे. मी त्याच्याशी काय बोलतो ते तुला सांगणार नाही.

भिका


जेलरोड
शुक्रवार, ३० जानेवारी

झिपरू,

काल काय झालं ते तुला अर्धंच कळलं असेल. माझ्या बाजूचं सांगतो.

दुपारी त्याला आंघोळ घातली. गोजराबाईंनी त्याच्या पुढ्यात शिरा ठेवला, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही जाताय त्याचं नाय वाटत, ह्याचं वाटतंय." रिक्षाने सीबीएसला नेलं. रिक्षात तो माझ्या पायावर डोकं ठेवून होता. स्टँडवर आल्यावर डिझेलचा वास लागला आणि झिपरू, त्याचा पडका कानसुद्धा जरा वर झाला.

गाडी फलाटाला लागली. मी आणि ललितने मिळून त्याला वर चढवलं. त्याने पुढून मागपर्यंत एकेक सीट हुंगली. वेळ लागला, लोक थांबले, एक म्हातारी पाय वर घेऊन बसली. मग तो कंडक्टरच्या सीटखाली गेला आणि अंगाचं वेटोळं करून पडला. ललितने तिकिटाचं मशीन गळ्यात अडकवलं. मी म्हटलं, "बेल मी देतो." तो म्हणाला, "द्या ना काका." तुझ्या जागी बसलेला ड्रायव्हर मागे बघून हसला.

मी दोरी दोनदा ओढली.

इतकी वर्षं बेल दिली. बेल दिली की आपण आत असतो आणि गाडी चालू लागते. माझ्या ध्यानातच आलं नाही की आज बेल देऊन खाली उतरायचंय. आणि दुसरंही ध्यानात आलं नाही. मी पायरीवरून फलाटावर पाय टाकला आणि मागे नखांचा आवाज आला. चेकर उठला होता. उठणारच की. बेल झाली म्हणजे उठायचं आणि कंडक्टर मास्तरच्या मागे जायचं, हे मीच त्याला शिकवलं. तो पायऱ्यांपाशी आला, एक पाय खाली टाकला. ललितने मधे येऊन दार लावून घेतलं. गाडी हलली. दाराच्या काचेतून त्याचं पांढरं तोंड दिसत होतं. तो भुंकला नाही. माझे पाय आपोआप गाडीबरोबर पळायला लागले, चार पावलं पळालो, मग कंबरेने थांबवलं. मी बेल दिली नसती तर तो झोपेत गेला असता. हे मला आयुष्यभर टोचणार.

घरी आलो. वरणभात केला. जेवायला बसलो आणि ताटावर चमचा दोनदा वाजला. हाताची सवय. कोणी उठलं नाही. मग मीच उठलो, ताट झाकून ठेवलं.

आज सकाळी सीबीएसला जाऊन तुमच्या गाडीची वाट बघितली. ललितने सगळं सांगितलं. घाटात चेकर दाराशीच उभा होता, वळणावर पडायचा, पुन्हा उभा राहायचा. एका मावशीने त्याला दोन्ही पायांत धरून ठेवलं. करंजपाड्याला दार उघडल्यावर स्वतःच उतरला. तू ओट्यावर होतास. त्याने तुला हुंगलं, तुझ्या हातावर नाक घासलं आणि सरळ जाऊन गाडीखाली झोपला. कुसावहिनींनी भाकरी दाखवली तरी बाहेर येईना. मग तू वाकून आत शिरलास, कंबर धरून शिव्या घालत, आणि त्याच्या अंगावर गोणपाट टाकलंस.

आणि पहाटे ललित दोरीला हात लावणार, तर तू त्याला म्हणालास, "सरक." गाडीत चढून तू बेल दिलीस. झिपरू, ड्रायव्हरने बेल दिलेली मी जन्मात बघितली नाही. ललित म्हणाला, दिली आणि लगेच खाली उतरून वाकून बघत बसले. तो आला बाहेर. तू त्याच्या मानेत हात घालून, जिथे ती दोरी रुतली होती तिथे, गाडी वळणाआड जाईपर्यंत धरून उभा होतास. तो गाडीमागे पळाला नाही. मला हे ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं.

म्हणजे त्याला घर मिळालं. माझं काम झालं. हे शेवटचं पत्र समज. सामान बांधून झालंय, मंगलाचा फोटो आणि बाबासाहेबांचा फोटो हातात घेणार, बाकी टेम्पोत. किल्ली रविवारी सकाळी गोजराबाईंकडे देणार.

कुसावहिनींना सांग, भाकरी चांगली झाली होती.

भिका

ता. क. पाकीट बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. ललितने निघताना आणखी एक सांगितलं. गाडी सुटताना तू खिडकीशी येऊन विचारलंस, "मास्तर कधी जातोय?" तो म्हणाला रविवारी. तू 'बरं' म्हणालास. मी सकाळपासून त्या 'बरं'पाशी बसलोय. मला पुण्याला जायचं नाही, झिपरू. हे मी संतोषला बोललो नाही, कारण इथे राहा असं म्हणणारं कोणी नव्हतं, आणि पोराला मी कोणत्या तोंडाने सांगू की मी एकटा राहतो. रविवारी तुमची गाडी नवाच्या सुमाराला स्टँडवर येते. पुण्याची गाडी मी मुद्दाम त्यानंतरची धरलीय. तू येऊ नकोस, लिहू नकोस, बोलूही नकोस. ललितला फक्त आकडा सांग. दोन बेल म्हणालास तर मी निघतो, राग नाही. एक म्हणालास तर थांबतो.